न्याहारीसाठी लिंबू-अपूप : अल्पपिष्ट, गोधूमरहित व ॲलर्जीविचारपूर्वक केलेली एक पथ्यकल्पना

आहार हाच चिकित्सेचा पाया होय, हे आपण सर्व वैद्य मानतो. तथापि पथ्यपत्रक लिहिताना आपला भर बहुधा ‘काय खाऊ नये’ यावर राहतो. ‘मग सकाळी काय खावे?’ हा रुग्णाचा साधा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. देवळा व एकूणच कसमादे परिसरात शेतावर जाणारा माणूस सकाळी शिळी बाजरीची भाकरी वा पोहे खातो, नाहीतर चहात टोस्ट किंवा खारी बुडवून वेळ निभावतो. यांपैकी टोस्ट-खारी मैद्याची असते आणि पोहे जवळजवळ निखळ पिष्टमय असतात. प्रमेही रुग्णाला हे सर्व बंद करून केवळ ‘हलके खा’ असे सांगितल्यास तो चार दिवसांत पूर्वपदावर येतो.

त्यातच अलीकडे चिकित्सालयात एक निराळा वर्गही दिसू लागला आहे. गव्हाने पोट बिघडणारे, दुधाने वा शेंगदाण्याने अंगावर पित्त उठणारे रुग्ण, आणि बाजारातील ‘ग्लूटेन-फ्री’, ‘शुगर-फ्री’ अशा वेष्टनांवर विसंबून स्वतःच पथ्य ठरवणारे रुग्ण. या सर्वांना एकच यादी हाती देणे धोक्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही स्कोन या पाश्चात्त्य न्याहारीच्या पदार्थाचा आपल्या अपूपकल्पनेच्या अंगाने विचार मांडत आहोत. कृती साधी आहे. तिच्यामागील द्रव्यविवेक मात्र सूक्ष्म आहे व तोच या लेखाचा खरा विषय आहे.

अपूप आणि स्कोन

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडमधील पदार्थ. पूर्वी तो ओटच्या पिठाचा करीत व तव्यावर भाजत. बेकिंग पावडर आल्यावर तो फुगीर झाला व भट्टीत भाजला जाऊ लागला. या पावडरीचा इतिहास आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी व यीस्ट सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्ड व १८४३ मध्ये यीस्टविना पाव फुगवणारी पावडर सिद्ध केली. एका औषधालय चालकाने घरातील रुग्णासाठी केलेली ही पथ्यकल्पना पुढे जगभर पसरली.

आपल्याकडे ‘अपूप’ हा शब्द ऋग्वेदापासून आढळतो. चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेच्या सहाव्या अध्यायात यवाचा भात, वाट्य व सक्तू यांच्या बरोबरीने अपूपही प्रमेहींना सांगितले आहेत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात तर भाजण्याच्या साधनाचाही विचार आहे. एकाच द्रव्याचे अपूप तुसाचा अग्नी, खापर, भ्राष्ट्र, कंदू व निखारे या क्रमाने भाजल्यास उत्तरोत्तर लघु होतात, असे वाग्भटांचे मत आहे. द्रव्य तेच असले तरी अग्निसंस्काराने त्याचे पचन बदलते. भट्टीत भाजलेला पदार्थ म्हणजे परकी गोष्ट, असे मानण्याचे कारण उरत नाही.

तीन पथ्ये, तीन निराळे निकष

येथे एक भेद स्पष्ट ध्यानात घ्यावा. अल्पपिष्ट, ग्लूटेनरहित व ॲलर्जीकारक द्रव्यरहित ही तीन पथ्ये परस्परांहून भिन्न आहेत. एक पाळले म्हणजे दुसरे आपोआप पाळले गेले, असे कधीही होत नाही.

पहिले उदाहरण यवाचे. यव म्हणजे जव अथवा सातू हे प्रमेहातील श्रेष्ठ धान्य. परंतु सिलियाक विकाराच्या रुग्णाला ते पूर्ण वर्ज्य आहे, कारण गव्हाप्रमाणेच यवातही त्याला अपायकारक असलेले प्रथिन आहे. प्रमेहाचे पथ्यपत्रक जसेच्या तसे सिलियाक रुग्णाच्या हाती दिल्यास सातूच त्याचा घात करतो. मधुमेहींसाठी म्हणून खपणारा खपली गहू हाही गहूच आहे, आणि रवा, शेवया व दलिया ही गव्हाचीच रूपे आहेत. ओट्स मूलतः निराळे असले तरी शेतात व कारखान्यात त्यांत गहू-जव मिसळण्याचा संभव मोठा असतो.

दुसरे उदाहरण बाजरी व नाचणीचे. ही धान्ये स्वभावतः ग्लूटेनरहित आहेत. त्यांत तंतू पुष्कळ असतात आणि नाचणीत कॅल्शियमही भरपूर असते. म्हणून ती गुणकारी खरी, पण ती अल्पपिष्ट नव्हेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू यांच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. ‘नाचणी आहे ना, मग कितीही चालेल’ हा समज अनेक मधुमेही रुग्णांच्या न्याहारीनंतरच्या रक्तशर्करेत उघडा पडतो. साबुदाणा ग्लूटेनरहित आहे, पण तो जवळजवळ केवळ पिष्टच आहे. बाजारातील ग्लूटेनरहित बिस्किटांतही पुष्कळदा तांदूळ, मका वा टॅपिओकाचे पिष्ट व साखर असते.

तिसरे उदाहरण बदामाचे. पाश्चात्त्य अल्पपिष्ट पाककृतींत गव्हाऐवजी सर्रास बदामाचे पीठ व अंडी वापरतात. शर्करेच्या दृष्टीने हे योग्य आहे. परंतु भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांत ज्या ॲलर्जीकारक द्रव्यांची नोंद सक्तीची आहे, त्यांत बदाम-काजूसारखी कवचफळे व अंडी दोन्ही आहेत. ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, शेंगदाणे, सोयाबीन, मासे, कवचधारी जलचर व ठरावीक प्रमाणाहून अधिक सल्फाइट हीदेखील त्या यादीत आहेत. तिळाचा या यादीत समावेश नाही. अमेरिकेत मात्र १ जानेवारी २०२३ पासून तीळही प्रमुख ॲलर्जीकारक द्रव्यांत धरला जातो. आपल्या घरात तिळाचा वापर विपुल असल्याने रुग्णाला तिळाविषयी मुद्दाम विचारावे.

द्रव्यनिवड

वरील तिन्ही निकष शक्य तितके एकत्र साधतील अशी द्रव्ये आम्ही निवडली आहेत. ती सर्व देवळ्यासारख्या गावातील किराणा दुकानात वा औषधालयात मिळतात.

मगज बी : कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. पिष्ट अल्प, प्रथिने व स्नेह भरपूर. गुणाने शीत, बृंहण व मूत्रल. सूर्यफुलाच्या बिया पर्यायी चालतात, परंतु सोड्याच्या क्षारतेमुळे त्यांतील क्लोरोजेनिक आम्लाची क्रिया होऊन पदार्थ आतून हिरवट होतो. हा रंग अपायकारक नाही.

सुके खोबरे : तंतुमय व स्निग्ध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नारळ कवचफळांच्या ॲलर्जी-यादीतून वगळला. तरीही नारळाची ॲलर्जी असणारे थोडे रुग्ण असतात, हे विसरू नये.

जवस : अतसी. उष्ण, स्निग्ध, गुरु. पाण्यात बुळबुळीत होऊन अंड्याप्रमाणे बांधून धरते.

ईसबगोल : ग्लूटेनचा चिकटपणा भरून काढणारे द्रव्य. पिच्छिल व मलसारक. याच्यावाचून हा अपूप भुसभुशीत होऊन फुटतो.

डाळवे : फुटाण्याची डाळ. मगजाचा अतिस्निग्धपणा हरभऱ्याच्या रूक्षतेने आटोक्यात राहतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या काहींना हरभराही सोसत नाही. पूर्वेतिहास विचारूनच वापरावे.

लिंबू : भावप्रकाशात निंबूक अम्ल, लघु, दीपन, पाचन व वातघ्न सांगितले आहे. मिळाल्यास महाळुंग अधिक प्रशस्त. मातुलुंगाच्या एकाच फळात त्वचा, मांस व केसर यांचे गुण भिन्न असतात, हा आपल्या संहितांचा सूक्ष्म विचार येथे उपयोगी पडतो. त्वचा तिक्त व कफवातहर, पण दुर्जर. मांस गुरु व बृंहण. केसर लघु, दीपन. म्हणून साल किसून अल्प प्रमाणात घ्यावी व रस केसराचा वापरावा. किसताना आतील पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू असतो.

साहित्य

मगज बी १०० ग्रॅम, सुके खोबरे ५० ग्रॅम, डाळवे ४० ग्रॅम, जवस ३० ग्रॅम, ईसबगोल भुसी १० ग्रॅम, खाण्याचा सोडा २ ग्रॅम (साधारण अर्धा चहाचा चमचा), सैंधव ३ ग्रॅम, भरडलेले जिरे १ चहाचा चमचा, २ लिंबांची किसलेली साल, लिंबाचा रस ३० मिलिलिटर, खोबरेल तेल २० मिलिलिटर, पाणी सुमारे १२० मिलिलिटर. यात साखर, गूळ वा मध नाही. अपूप तिखटमिठाचाच ठेवावा, म्हणजे गोडाची सवय पुन्हा जडत नाही.

कृती

१. मगज, खोबरे, डाळवे व जवस कोरडे, मंद भाजून पूर्ण निवू द्यावे. मिक्सरमध्ये थांबून थांबून दळावे. सलग दळल्यास मगजाला तेल सुटते.

२. त्यात ईसबगोल, सोडा, सैंधव, जिरे व लिंबाची साल एकजीव करावी. तेल चोळून घ्यावे.

३. पाणी थोडे थोडे घालून सैलसर गोळा करावा व १० मिनिटे झाकून ठेवावा. ईसबगोल व जवस पाणी शोषतात आणि गोळा घट्ट होतो.

४. लिंबाचा रस सर्वांत शेवटी घालून हलक्या हाताने मळावे. रसातील आम्ल व सोडा यांचा संयोग होताच वायू सुटू लागतो, म्हणून यापुढे विलंब करू नये.

५. पाऊण इंच जाडीची गोल थापी करून तिचे ८ त्रिकोणी भाग करावेत. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे भाजावे.

६. किमान १५ मिनिटे निवू द्यावे. गरम असता तोडल्यास आतून चिकट लागतो.

ओव्हन नसल्यास कुकरची शिटी व रबर काढून, तळाशी मिठाचा थर देऊन, त्यावर तिवई व ताटली ठेवून मंद आचेवर भाजता येते. वेळ थोडा अधिक लागतो. दिवाळीच्या सुमारास घरचे पीठ देऊन गावच्या बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची प्रथा आपल्याकडे आहे. सिलियाक रुग्णासाठी मात्र हा मार्ग वर्ज्य समजावा, कारण त्या भट्टीत व पत्र्यांवर मैदा सर्वत्र असतो.

वरील प्रमाणात सोडा व ३० मिलिलिटर रसातील आम्ल परस्परांना जवळजवळ निष्प्रभ करतात. त्यामुळे तयार अपूपात आंबटपणा फारसा राहत नाही, लिंबाचा गंध मात्र सालीतील तेलामुळे टिकतो. सोडा वाढवल्यास साबणासारखी चव येते. बाजारच्या बेकिंग पावडरीत पिष्ट मिसळलेले असते, म्हणून येथे सोडा व रस हीच जोडी योग्य. २ ग्रॅम सोड्यात सुमारे ५५० मिलिग्रॅम सोडियम असते. रक्तदाबाच्या रुग्णासाठी सैंधव निम्मे करावे.

मात्रा व रुग्णभेद

द्रव्यांच्या ज्ञात घटकांवरून हिशेब केल्यास एका अपूपात तंतू वगळता सुमारे ५ ते ६ ग्रॅम कर्बोदके येतात. ५० ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीत ती ३० ग्रॅमच्या आसपास व ६० ग्रॅम पोह्यांत ४५ ग्रॅमच्या आसपास असतात. मात्र एका अपूपाची ऊर्जा सुमारे १७० किलोकॅलरी आहे. अल्पपिष्ट म्हणजे अल्पऊर्जा नव्हे.

येथेच शास्त्राचा आधार घ्यावा लागतो. तेलबियांचा हा अपूप स्निग्ध व गुरु आहे, तर प्रमेहात चरकांनी सांगितलेला यव रूक्ष आहे. हा विरोध दृष्टिआड करणे योग्य नाही. त्याचे उत्तर चरकांनीच केलेल्या स्थूल-बलवान व कृश-दुर्बल प्रमेही या भेदात आहे. पहिल्यास शोधन, दुसऱ्यास बृंहण. म्हणून कृश, वातप्रधान, बलक्षय झालेल्या प्रमेहीस २ अपूप ही न्याहारी उत्तम. स्थूल, कफप्रधान रुग्णास १ अपूप व सोबत काकडी, मुळा वा पालेभाजी द्यावी. ग्लूटेनची बाधा नसल्यास अशा रुग्णास यवाचेच अपूप अधिक हितकर. मंदाग्नी असता, आमावस्थेत व अम्लपित्तात हा पदार्थ योजू नये. वृक्कविकारात तेलबियांतील फॉस्फरस व पोटॅशियमचा विचार करून तो टाळावा.

संयोगविरुद्ध

मूळ स्कोनमध्ये दूध वा साय असते व वर लिंबाचा रस घालतात. चरक सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दुधाशी विरुद्ध म्हणून जी अम्लद्रव्ये मोजली आहेत, त्यांत मातुलुंगाचा नामनिर्देश आहे. त्याच अध्यायात उष्ण मधाचाही निषेध आहे. ‘साखर नको म्हणून मध घातला’ असे सांगणारा रुग्ण शर्करेच्या दृष्टीनेही काही साधत नाही. आमच्या कृतीत दूध व मध दोन्ही नसल्याने दुग्धॲलर्जी व विरुद्धाहार हे दोन्ही दोष एकदमच टळतात. हे अपूप चहाबरोबर न देता जिऱ्याच्या कोमट पाण्याबरोबर द्यावेत. ईसबगोल असल्याने पुरेसे पाणी पिणे आवश्यक आहे, आणि नियमित औषधे व ही न्याहारी यांत अंतर ठेवावे.

चिकित्सकांनी घ्यावयाची दक्षता

प्रथम, औषधांसंबंधी. ग्लिमेपिराइडसारखी औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने न्याहारीतील कर्बोदके एकाएकी घटवली व औषधाची मात्रा तीच ठेवली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे चालू असता अत्यल्प कर्बोदकांच्या आहाराने, रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही, कीटोॲसिडोसिस होण्याचा धोका असतो. अशा रुग्णांत त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांशी विचारविनिमय केल्यावाचून पथ्य बदलू नये. लिंबाऐवजी ग्रेपफ्रूट वा पपनस वापरण्याचा मोह टाळावा. ही फळे सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन, फेलोडिपिन आदी औषधांची रक्तातील पातळी वाढवू शकतात.

द्वितीय, निदानासंबंधी. दीर्घकालीन अतिसार, पांडू, बालकाची खुंटलेली वाढ ही लक्षणे पाहून आपण ग्रहणीचा विचार करतो व गहू बंद करतो. सिलियाकची शंका असल्यास रक्ताची टीटीजी तपासणी होण्यापूर्वी गहू कदापि बंद करू नये. गहू सुटल्यावर ही तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते व निदान कायमचे अंधुक राहते. आमच्या पाहण्यातील एका तरुणीने कोणाच्या तरी सल्ल्याने दोन महिने गहू सोडला होता. तिला केवळ तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागला व ते दिवस तिला फार कष्टाचे गेले.

तृतीय, तीव्र ॲलर्जीसंबंधी. एखाद्या द्रव्याने पूर्वी श्वासकष्ट, ओठ-जिभेस सूज वा मूर्च्छा आली असल्यास ‘थोडेसे खाऊन पाहा’ असे सांगणे प्राणघातक ठरू शकते. असे परीक्षण केवळ सुसज्ज रुग्णालयातच व्हावे. असा प्रसंग उद्भवल्यास मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन हाच प्रथमोपचार आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. शीतपित्ताची औषधे देत वेळ घालवू नये.

औषधालय चालकांसाठी

सिलियाक रुग्णाच्या बाबतीत पिठाची गिरणी हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. गव्हापाठोपाठ त्याच जात्यावर दळलेली बाजरी ग्लूटेनमुक्त राहत नाही. प्रस्तुत कृतीत सर्व द्रव्ये घरीच दळावयाची आहेत, यामागे हेच कारण आहे. तोच नियम आपल्या चूर्णांच्या यंत्रांनाही लागू आहे.

दुसरी महत्त्वाची बाब हिंगाची. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा मिसळलेला असतो. तो वापरून केलेले हिंग्वष्टक चूर्ण सिलियाक रुग्णास ग्रहणीसाठी द्यावे व त्याच चूर्णाने व्याधी धुमसत राहावी, असे घडू शकते. म्हणून शुद्ध हिऱ्याचा हिंग वापरावा व खरेदी करताना वेष्टनावरील घटक वाचावेत.

असे अपूप विक्रीस ठेवावयाचे झाल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे. ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापण्यासाठी ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक नसावे लागते व ते प्रयोगशाळेत सिद्ध करावे लागते. मे २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ विषयक नियमही अधिसूचित झाले आहेत. ते ग्रंथोक्त कल्पनांना व तत्त्वांना अनुसरणाऱ्या आहारासाठी आहेत. आधुनिक पाककृतीस केवळ संस्कृत नाव दिल्याने ती त्यात बसत नाही, हे ध्यानी असावे.

उपसंहार

लिंबू-अपूप हे रोगहर औषध नव्हे. न्याहारीतील एक पर्याय, एवढेच त्याचे स्थान. परंतु त्याच्या निमित्ताने पथ्यलेखनात एक शिस्त आणता येईल. प्रत्येक पथ्यपत्रकाच्या शिरोभागी ‘अल्पपिष्ट’, ‘ग्लूटेनवर्ज्य’ व ‘ॲलर्जीवर्ज्य’ असे तीन स्वतंत्र रकाने असावेत. रुग्णास लागू असेल तेवढ्यावरच खूण करावी व ॲलर्जीच्या रकान्यात द्रव्याचे नाव स्पष्ट लिहावे. औषध देणाऱ्यानेही तो कागद वाचून मगच पुडी बांधावी. वैद्य, औषधालय चालक व रुग्णाची गृहिणी या तिघांना एकच कागद सारखा कळला, म्हणजे सातू कोणास हितकर व कोणास वर्ज्य, याविषयी घोटाळा राहणार नाही.